पीसीओएस: गोळी सोडून फक्त पावडर घेतली तर चालेल का?

कुडाळकरीण
नमस्कार तायांनो. वय २५, सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट बघून डॉक्टर पीसीओएस म्हणाले, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी लांबते तो अंडाशयाचा त्रास. गणपतीत पाळी आली ती आली, आता दिवाळी पण होऊन गेली तरी पत्ता नाही. हनुवटीवर केस, वजन वाढतंय ते वेगळंच. मेटफॉर्मिन लिहून दिलंय पण सुरू केलं नाही, कारण आईचं म्हणणं डायबेटीसची गोळी लग्नाआधीच कशाला. मावसबहिणीने इन्स्टावर बघून एक पावडर पाठवलीय, एका चमच्यात मायो-इनोसिटॉल ५०० मिग्रॅ, बायोटिन १० मिग्रॅ, शतावरी, दालचिनी. दिवसातून एकदा घ्यायची. महिन्याला दीड हजार. हीच घेतली तर चालेल का, कोणाला फरक पडलाय का?

गुहागरची_सून
इनोसिटॉल मी घेतलं, पण डॉक्टरांनी दिलेलं, साध्या पाकिटातलं. पाळी लांबायची ती बरीच लायनीवर आली. पण त्याच वेळी संध्याकाळी समुद्रावर चालायला पण लागले होते, आता गुण कोणाचा ते देवच जाणे. केसांना मात्र काडीचा फरक नाही, शेवटी लेझर केलं.

चिपळूण_फार्मासिस्ट
डब्याचे आकडे टाकलेस ते बरं केलंस. अभ्यासांमध्ये मायो-इनोसिटॉल बहुतेक वेळा दिवसाला ४ ग्रॅम असतं, सकाळी २ संध्याकाळी २, आणि डी-कायरो (इनोसिटॉलचाच दुसरा प्रकार) सोबत असेल तर ४०:१ प्रमाणात. तुझ्या चमच्यात अर्धा ग्रॅम. म्हणजे दीड हजार देऊन आठवा हिस्सा, बाकी नुसता मसाला! आणि पूर्ण डोस घेतला तरी २०२३ च्या आंतरराष्ट्रीय गाईडलाईनमध्ये एवढंच म्हटलंय की बाईची इच्छा असेल तर विचार करावा, त्रास फारसा नाही पण फायद्याचे पुरावेही मर्यादितच. पोटावरची चरबी नि केस यांच्यासाठी तिथे इनोसिटॉलच्या आधी मेटफॉर्मिनचंच नाव येतं.

बायोटिनचं कोणी सांगत नाही. एवढ्या डोसने थायरॉईड आणि काही हार्मोनचे रिपोर्ट चुकीचे येऊ शकतात, रक्त द्यायच्या किमान दोन दिवस आधी बंद कर आणि लॅबवाल्याला सांग.

मेटफॉर्मिन पीसीओएसला देतात ते इन्सुलिन नीट काम करावं म्हणून, ती घेतली म्हणजे डायबेटीस झाला असं नाही, आईंना सांग. सुरुवातीला पोट बिघडतं म्हणून जेवणानंतर आणि डोस हळूहळू वाढवत. बरीच वर्षं घेतली तर बी-१२ तपासत राहायचं, शाकाहारी असशील तर जास्तच.

पण मला काळजी पावडरची नाही गं, तीन महिने पाळी नाही त्याची आहे. असं वारंवार झालं तर गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं, ते कुठल्या पावडरने उतरत नाही, डॉक्टर काही दिवसांच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देऊन पाळी आणतात. आधी प्रेग्नन्सी टेस्ट करतील, लग्न झालेलं नसलं तरी. राग मानू नको, सगळ्यांचीच करतात.

मालवणची_काकी
गो बाय, डॉक्टरांक विचारल्याशिवाय काय एक घेव नको. माझ्या भाचीक डी व्हिटॅमिन कमी निघाला, हयसर येवढा ऊन असान! तेची ती ६०,००० ची पुडी आठवड्याक एक घेवची असता, ह्या बयेन रोज घेतल्यान, मगे उलटे नि मळमळ. आणि ओमेगा थ्रीच्या कॅप्सुली कित्याक? तारले खा, बांगडे खा, फक्त रव्यात घोळवन तेलात बुडव नको.

कुडाळकरीण
काकी 😄 तारले चालू करते. आणि पुदिन्याचा चहा? तो पण सगळे सांगतायत केसांसाठी.

चिपळूण_फार्मासिस्ट
पी की, छान लागतो. छोट्या अभ्यासांत टेस्टोस्टेरॉन (केस वाढवणारं पुरुषी हार्मोन) थोडं उतरलेलं दिसलं, पण डॉक्टरांनी मोजलेल्या केसांत तसा फरक नव्हता.

कुडाळकरीण
बरं, सोमवारी सावंतवाडीला जाऊन दाखवते, पावडरचा डबा पण नेते. ग्लुकोज पिऊन शुगर तपासायची असं चिठ्ठीवर लिहिलंय, त्याला उपाशी जायचं का?

चिपळूण_फार्मासिस्ट
हो, किमान आठ तास, पाणी चालेल. आधी एकदा रक्त घेतात, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात आणि दोन तासांनी परत. मधे चहा नको, तिथेच बसून राहा. घरून डबा ने, नंतर भूक लागते.