दुपारी एक ते पाच: मुलं घरी, आपणही घरी. तुमचे अनुभव सांगा

उन्हाळ्याच्या सुट्टीत सकाळ कशीबशी निभते. आंघोळी, नाश्ता, थोडा दंगा. संध्याकाळी ऊन उतरलं की बाहेर पिटाळता येतं. मधल्या तासांचं काय? मोठ्यांना झोप अनावर, मुलांना ती अजिबात नको आणि दर दहा मिनिटांनी "आता काय करू?" त्यात जो पालक दिवसभर घरी असतो त्याला बाकीचे ऐकवतात, "तू काय, घरीच तर आहेस!" तेव्हा छंदवर्गांच्या याद्या नकोत. तुमच्या घरात खरोखर काय चालतं ते लिहा. मुलांची वयं जरूर सांगा.

मुलगी ४, मुलगा ९. मी आई.
रंगीत पेनांनी आखलेली तासवार वेळापत्रकं भिंतीवर छान दिसतात, पण ती पाळून घेण्यातच माझा दिवस जायचा. आता ठरलेल्या गोष्टी तीनच: जेवणाची वेळ, जेवणानंतरचा शांत तास आणि ऊन उतरल्यावर बाहेर. बाकी दिवस सैल.

शांत तासात झोपण्याची सक्ती नाही. "झोपलंच पाहिजे" म्हटलं की युद्ध सुरू होतं. आपापल्या कोपऱ्यात बसायचं, एकमेकांना हाका मारायच्या नाहीत, बस. धाकटीला सुरुवातीला पंधराच मिनिटं जमायचं, हळूहळू वाढवलं. ती बाहुल्यांशी मोठमोठ्याने बोलते. ते मी शांततेतच धरते. भांडी, कपडे या तासात नाहीत, मी आडवी होते. हा तास कामात घातला की संध्याकाळी माझा आवाज चढतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

एक हिशेब मात्र करावा लागतो. जागतिक आरोग्य संघटना ३-४ वर्षांच्या मुलांना दिवसभरात १० ते १३ तास झोप सांगते, त्यात दुपारची झोपही आली. दुपारची बुडाली तर रात्री लवकर निजवायचं, आणि बाहेर अजून उजेड असेल तर पडदे जाड हवेत.

दोन्ही मुलगे, ५ आणि ७. मी बाबा, घरी मीच असतो.
(हो, "आज आई कुठे गेली?" हे मलाही रोज ऐकावं लागतं.)

आमच्याकडे पाणी चालतं. जुने ब्रश आणि डबाभर पाणी देऊन "भिंत रंगवा" म्हणायचं. रंग वाळून नाहीसा होतो, की पुन्हा पहिल्यापासून. छोटी खेळणी वाडग्यात बर्फात गोठवायची आणि मीठ, चमचा देऊन सोडवायला सांगायची. मिठाने बर्फ लवकर का वितळतो यावर थोरला बराच वेळ विचार करतो, धाकटा सरळ आपटतो.

सगळ्यात जास्त टिकला तो सावलीचा खेळ. एक काठी रोवायची आणि अधूनमधून जाऊन सावलीच्या टोकाशी खडूने खूण करायची. सावली बारा वाजता सगळ्यात आखूड असणार, अशी थोरल्याची खात्री होती. तशी ती नव्हती, आणि घड्याळ चुकलंय असं त्याने जाहीर केलं. घड्याळातले बारा आणि सूर्य माथ्यावर येणं यांत फरक असतो, हे मी न सांगता त्याला दिसलं. भर उन्हातल्या खुणा मात्र टोपी घालून, पटकन.

पाण्यापाशी मी स्वतः बसतो. लहान मूल काही सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकतं आणि तेही आवाज न होता. खेळ संपला की बादली लगेच उपडी.

मुलगा साडेतीन वर्षांचा.
आमच्याकडे दुपारी टीव्ही लागतो, आणि मला त्याचा अपराध वाटत नाही. २ ते ४ वर्षांसाठी स्क्रीन दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे. मी तो तास माझ्या स्वयंपाकासाठी राखून ठेवते. वेळ ठरलेली, रडून वाढत नाही. आणि बंद करायचं ते भाग संपल्यावर, मध्येच नाही. निम्मी रडारड तेवढ्याने टळते.

मुलगी ११.
या वयाला खेळ सुचवायला गेलं की डोळे फिरवले जातात. "मदत कर" म्हटलं तरी तेच. "हे काम तुझं" म्हटलं की चित्र बदलतं. आठवड्यातलं एक जेवण पूर्ण तिचं: काय करायचं, काय आणायचं, सगळं. वेळ दुप्पट लागतो, ओटा बघवत नाही, मी स्वयंपाकघरात न जाण्याचा सराव करते. शिवाय "कंटाळा आला" म्हणणाऱ्याला घडी घालायचे कपडे मिळतात. तक्रार एकदम कमी झाली.

बाळ ५ महिन्यांचं, थोरली ६ वर्षांची. एकच खोली, दुपारभर तापते.
वरचं सगळं वाचून छान वाटलं, पण आमचा पहिला प्रश्न गरमीचाच. ऊन चढण्याआधी खिडक्या बंद करून पडदे ओढते, रात्री सगळं उघडते. काचेच्या आतल्या पडद्यापेक्षा बाहेरून केलेली सावली जास्त उपयोगी. खोलीतली हवा ४० अंशांच्या वर गेली की पंखा अंग गार करण्याऐवजी तापवतो, अशा वेळी ओलं फडकं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी द्यायचं नसतं, म्हणून दूध जास्त वेळा. थोरलीची लघवी गडद दिसली की ग्लास हातात. ती विनाकारण चिडचिड करायला लागली की मी रागावण्याआधी पाणी देते. पुष्कळदा कारण तेवढंच असतं.

जुळे, ८ वर्षांचे.
भांडणं! कोण खरं, कोण खोटं हा न्यायनिवाडा मी बंद केलाय. रक्त नसेल तर मी येत नाही. भांडणाची वस्तू मात्र कपाटावर जाते आणि दोघांनी मिळून तोडगा सांगितला की खाली येते. तोडगे भयंकर अन्यायाचे असतात, पण त्यांना चालतात.

आणि शेजारच्या आईशी अदलाबदल ठरवून घेतलीय. एका दुपारी चौघंही माझ्याकडे, दुसऱ्या दुपारी तिच्याकडे. गंमत म्हणजे दोन मुलांपेक्षा चार सांभाळणं सोपं जातं, ती एकमेकांत रमतात. मोकळ्या दुपारी घरकाम किंवा बाजारहाट करायचा नाही अशी आमची अट आहे. ती पहिल्याच आठवड्यात मोडली, तिने.