शब्दचर्चा: पान पडायच्या आधीच 'चेक', मग तो आंधळा, झाकलेला की अंधारातला?

मूळ प्रश्न, गंगापूर रोडवरून

पाडव्याच्या रात्री आमच्याकडे पत्त्यांचा डाव बसतो. पूर्वी मेंढीकोट आणि तीन पत्ती असायचं, आता भाच्याच्या हट्टाने पोकर. पैसे लावायचे नाहीत हा सासूबाईंचा नियम, त्यामुळे प्रत्येकापुढे शंभर चिंचोके.

त्या डावात मी आठ चिंचोके लावले. बाकी सगळ्यांनी पानं टाकली, भाचा तेवढा राहिला. मधली, सगळ्यांच्या सामाईक वापराची तीन पानं पडल्यावर आधी त्याने बोलायचं होतं, मग मी. जाऊबाई वाटत होत्या. त्यांनी रिवाजाप्रमाणे वरचं एक पान बाजूला सारलं आणि पुढची तीन उलटायला हात घातला, तेवढ्यात भाच्याने सतरंजीवर दोन बोटांनी टकटक केलं आणि म्हणाला, "चेक डार्क."

सासूबाईंनी विचारलं, "डार्क म्हणजे काय रे?" तो म्हणाला, "मामी, आजीला मराठीत सांगा ना." मी चटकन म्हणून गेले, "आंधळा चेक." त्यावर सासूबाई म्हणाल्या, "आंधळा कसा? त्याने स्वतःची पानं तर मघाशीच बघितली."

मी तिथेच अडकले. त्यांचं बरोबर आहे. हातातली दोन पानं त्याने बघितलेली आहेत, बघितली नाहीत ती सतरंजीवर यायची तीन. त्याच्या बाजूने पाहिलं तर पन्नास पानं न दिसलेली, आणि त्यातून तीन पडायचे 19,600 प्रकार. ती पडायच्या आधीच त्याने आपलं बोलणं उरकून टाकलं. ह्याला मराठीत काय म्हणावं? मला सुचलेले शब्द: आंधळा, झाकलेला, आगाऊ, अंधारातला. एकही पूर्ण बसत नाही असं वाटतंय. 'चेक'ला हात लावू नका, तो राहू दे. 'पास' म्हटलं की माणूस त्या बोलीतून उठला असं वाटतं, आणि चेक करणारा उठत नाही. तो तूर्त काही लावत नाही, एवढंच.

सिडकोतून

'आंधळा' नको, कारण ती जागा आधीच भरलेली आहे. तीन पत्तीत 'ब्लाइंड' म्हणजे स्वतःच्या हातातली पानं न उचलता चाल देणं. आमच्या गावाकडे त्यालाच सरळ 'आंधळी' म्हणतात: "तू बघून आहेस का आंधळी?" आणि त्याचा हिशेब ठरलेला असतो. आंधळीवाल्याने जेवढं लावायचं, त्याच्या किमान दुप्पट बघून खेळणाऱ्याने लावायचं. पानं त्याच्याच पुढ्यात पालथी पडलेली असतात, हात लांब केला की दिसतील, पण तो करत नाही. तिथे न बघणं हे स्वतःच्या मर्जीचं आहे. तुमच्या भाच्याला बघायचंच म्हटलं असतं तरी त्या क्षणी बघता आलं नसतं.

पोकरमध्ये 'ब्लाइंड' आणखी दुसऱ्याच गोष्टीला म्हणतात हे वेगळंच. तिथे दोन खुर्च्यांवर बसलेल्यांना पानं वाटायच्या आधी ठरलेली रक्कम ठेवावीच लागते, लहान आणि मोठी. ती मर्जी नाही, खुर्चीचा कर आहे. एकच इंग्रजी शब्द आपल्याकडे दोन खेळांतून आला आणि दोन अर्थ घेऊन बसला. त्यात तिसरा घालू नये.

मूळ लेखिका

'खुर्चीचा कर' आवडला. सासूबाईंना वाचून दाखवला, त्यांना तो अर्थ लगेच कळला.

नाशिकरोडहून

मी 'झाकलेला' ह्या शब्दाच्या बाजूने लिहायला बसलो आणि लिहिता लिहिता विरोधात गेलो. कसं ते सांगतो.

मेंढीकोटात बंद हुकूम खेळताना एक जण आपल्या हातातलं पान निवडून पालथं ठेवतो. आपण म्हणतो, "हुकूम झाकला." बाकी तिघांना तो कळत नाही, पण झाकणाऱ्याला पक्का माहीत असतो. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' हीसुद्धा तशीच. मुठीत काय आहे ते मूठवाल्याला ठाऊक असतं, म्हणून तर तो ती उघडत नाही. भाकरी झाकून ठेवली, ताट झाकलं, चूक झाकली, कुठेही बघा. 'झाकणं' आलं की कुणाला तरी आत काय आहे ते माहीत असतं आणि ते दुसऱ्यापासून राखलेलं असतं.

गड्डीतलं पुढचं पान कुणीच झाकलेलं नाही. ते ना भाच्याला माहीत, ना मामीला, ना वाटणाऱ्या जाऊबाईंना. म्हणून 'झाकलेला चेक' म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल की ह्याने काहीतरी लपवलंय.

माझ्या मते आपल्या भाषेने हे तीन प्रकार फार नीट वेगळे ठेवलेत. आंधळं म्हणजे मला दिसत नाही, इतरांना दिसत असेल. झाकलेलं म्हणजे मला माहीत आहे, तुला दिसू देत नाही. आणि अंधार म्हणजे कुणालाच दिसत नाही. घरात अंधार असतो तेव्हा तो सगळ्यांसाठी असतो. 'डार्क'ला 'अंधार' हा शब्दाला शब्द ठेवलाय म्हणून नव्हे, तर अर्थाने तोच बसतो म्हणून मी 'अंधारात चेक' म्हणेन.

पंचवटीतून

'आगाऊ' का नको? आगाऊ रक्कम, आगाऊ आरक्षण, तसा आगाऊ चेक. सरळ, सुटसुटीत.

मूळ लेखिका

मलाही आधी तोच पटत होता, पण त्याच रात्री दुसरा एक प्रसंग घडला. पुढच्या डावात धाकट्या नणंदेची पाळी यायच्या आधीच ती "मी पण चेक" म्हणून मोकळी झाली. तिच्या आधीच्या माणसाने अजून तोंडही उघडलं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "आगाऊपणा करू नकोस, पाळी येऊ दे." तेव्हा वाटलं की पत्त्यांच्या टेबलावर 'आगाऊ' हा शब्द ह्यासाठी राखून ठेवलेला बरा. पाळी ओलांडून बोलणं ते आगाऊ. भाच्याने पाळी ओलांडली नव्हती. पानं पडल्यावर पहिलं बोलायचा मान त्याचाच होता, त्याने तो लवकर वापरला एवढंच.

गोव्यात काही वर्षं टेबलावर पानं वाटलेला एक वाचक, सध्या इंदिरानगर

ताईंनी फार नेमकं पकडलंय. टेबलावर ह्या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पाळीआधी बोलणं हा दोष आहे. स्पर्धांचे नियम ठरवणारी टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशन 2001 साली सुरू झाली. तिच्या नियमाप्रमाणे अशा वेळी डाव मागे नेऊन ज्याची पाळी त्याच्याकडे द्यायचा. त्याने चेक, कॉल (समोरच्याएवढंच लावणं) किंवा फोल्ड (पानं टाकणं) केलं तर आगाऊ बोललेल्याचे शब्द त्याच्या गळ्यात पडतात. त्याने काही लावलं किंवा वाढवलं तर परिस्थिती बदलली, मग आगाऊ बोललेला मोकळा होतो, पण दंड होऊ शकतो. कारण त्याने विनाकारण माहिती फोडली. नणंदबाई "मी पण चेक" म्हणाल्या तेव्हा त्यांच्या आधीच्याला कळलं की मागून काही येणार नाही. त्यात नुकसान तिसऱ्याच माणसाचं होतं.

अंधारातला चेक कुणाची माहिती फोडत नाही. उलट स्वतःची राखतो. हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. तीन पानं उलटली की समोरचा त्या पानांकडे बघत नाही, तुमच्या चेहऱ्याकडे बघतो. डोळे क्षणभर चिंचोक्यांकडे गेले, चेक म्हणायला अर्धा श्वास जास्त लागला, की त्याने वाचलं. जो आधीच बोलून बसला त्याच्या बोलण्याच्या वेगात वाचायला काही उरतच नाही. आणि चेक केल्यावर समोरच्याने काही लावलं तर वाढवायचा हक्क शिल्लक असतोच. म्हणून विचारतो, त्या डावात पुढे काय झालं?

आणखी एक, हा प्रकार माणसं समोरासमोर बसलेल्या टेबलावरचाच. मोबाइलवरच्या खेळात पाळीआधी बटण दाबून ठेवायची सोय असायची, पण ते तुम्ही पडलेली पानं बघून दाबायचात. पान न बघता जाहीर बोलायची जागाच तिथे नव्हती.

मूळ लेखिका

सांगते. माझ्या हातात एक्का-राणी होती. पडली किलवरची राणी, बदामाची सत्ती आणि चौकटची दुर्री. राणीची जोडी आणि वर एक्का, मी खूश. न बघताच चेक म्हणाला म्हणजे ह्याच्याकडे काही नसणार असं मी गृहीत धरलं आणि दहा चिंचोके लावले. त्याने तीस केले. मी ते दिले आणि पुढे आणखीही देत गेले. शेवटी त्याने दोन सत्त्या उलट्या केल्या, म्हणजे सतरंजीवरची धरून तीन. हातात जोडी असताना पहिल्या तीन पानांत तिसरी मिळायची संधी साडेआठ वेळांत जेमतेम एकदा, असं तो नंतर सांगत होता.

आता तुमचं वाचून कळतंय की मी शब्दालाच फसले. मनात 'आंधळा' धरला होता, म्हणून तो बेसावध आहे असं मानलं. 'अंधारात' म्हटलं असतं तर आठवलं असतं की मीही त्याच अंधारात बसलेय.

निफाडहून

पत्त्यांतलं मला फार कळत नाही, द्राक्षबाग आहे. पण हा अंधार ओळखीचा वाटला म्हणून लिहितो.

ऑक्टोबरची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, केली की काडीवरचे डोळे फुटेपर्यंत काडीवर काहीच दिसत नाही. पोंगा अवस्था येते, म्हणजे कोंब बाहेर पडतो, पानं सुटतात, तेव्हा कुठे कळतं की घड किती आले आणि किती जिरले. तोवर मजुरी, डोळे फुटावेत म्हणून लावायची पेस्ट, फवारणी सगळं लावून झालेलं असतं. आणि गंमत अशी की सूक्ष्म घडनिर्मिती एप्रिल छाटणीनंतरच्या दिवसांतच होऊन गेलेली असते. म्हणजे काडीत काय आहे त्याचा पाया आधीच पडलाय, फक्त कुणाला दिसत नाही. तुमची गड्डी पिसून झालेली असते, तसंच. आम्ही बोलताना "सध्या अंधारातच चाललंय" असंच म्हणतो. "आंधळं चाललंय" असं कुणी म्हणत नाही. तसं म्हटलं तर तो मालकाला दोष दिल्यासारखा होईल.

व्यापाऱ्याने माल डोळ्यांनी बघून वजन न करता सगळी बाग एका रकमेत घेतली तर ते उक्तं. त्याला अंधार म्हणत नाहीत. बघून घेतलेलं असतं ना.

सिडकोतून

'उक्ता' आणि 'अंधार' ह्यातला फरक वाचून बरं वाटलं. माझंही मत 'अंधारात'ला. फक्त 'अंधारी चेक' किंवा 'अंधारी चाल' नको. अंधारी डोळ्यांपुढे येते, ती चक्कर.

मूळ लेखिका

हो, आणि 'अंधारा'ही नको, तो कोपऱ्याला लागतो, खोलीला लागतो. 'अंधारातला चेक' हे नाव आणि 'अंधारात चेक' हे टेबलावर बोलायचं, असं धरते. कुणी न बघता काही लावलंच तर 'अंधारात दहा'. पाळी ओलांडली तर 'आगाऊ', आणि तीन पत्तीतली 'आंधळी' तिच्या जागी.

भाऊबीजेच्या रात्री पुन्हा डाव बसला. ह्या वेळी सासूबाई स्वतः खेळायला बसल्या. जाऊबाईंनी पान बाजूला सारलं, तशी सासूबाईंनी सतरंजीवर दोन बोटं टेकवली, भाच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अंधारात चेक. उलट आता."