मदत हवी आहे: क्लबच्या जागेत बॅटरी साठवण प्रकल्प, शेजाऱ्यांना काय सांगावं?

नमस्कार मंडळी. आमच्या फुटबॉल क्लबच्या मैदानामागे एक पडीक तुकडा आहे. तिथे एका कंपनीचा, कंटेनरमधल्या बॅटऱ्यांचा वीज साठवण प्रकल्प उभारायचं घाटतंय. भाडं दीर्घकाळ मिळेल, त्यातून मैदानाचा निचरा आणि मुलींच्या संघाचा खर्च निघेल. परवानगीसाठी आसपासच्या लोकांचा पाठिंबा हवा, म्हणून समिती बैठक घेतेय आणि बोलायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

आगीची भीती सगळ्यात मोठी, आणि ती उगाच नाही. जानेवारी २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंग इथल्या बॅटरी साठवण प्रकल्पाला लागलेल्या आगीमुळे हजाराहून जास्त लोकांना घरं सोडावी लागली. तिथे निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या बॅटऱ्या एकाच इमारतीत होत्या. आमच्याकडे लिथियम आयर्न फॉस्फेट या वेगळ्या प्रकारच्या बॅटऱ्या, सुटे कंटेनर, मध्ये अंतर असं सांगितलंय. या बॅटऱ्या भडकायला जास्त तापमान लागतं, पण पेटतच नाहीत असं नाही. हे मी बैठकीत लपवणार नाही (समितीतल्या काहींना ते फारसं रुचलेलं नाही).

यूएल ९५४०ए चाचणीचा (एका बॅटरीतली आग पुढे पसरते का ते तपासणारी) अहवाल कुणी कंपनीकडून मागून वाचलाय का? त्यात नेमकं काय बघायचं? बॅटऱ्या थंड ठेवणाऱ्या पंख्यांची घरघर रात्री कितपत जाणवते? आग विझवताना वापरलेलं पाणी कुठे अडवतात? करार संपल्यावर बॅटऱ्या हलवायचा खर्च कंपनीवर टाकता येतो म्हणे, पण कंपनीच बुडाली तर?

अशा प्रकल्पाशेजारी राहणाऱ्यांनी जरूर लिहा, विरोध केला असेल तरी.