‘ज्याला परवडतं त्यानेच डिग्री करावी’ म्हणे!

पाटी_पेन्सिल
दोन दिवस झाले, एक पोस्ट फिरतेय. आमच्या घरच्या ग्रुपवर तर तीनदा आली. म्हणणं असं: सरकार गरिबांच्या पोरांची इंजिनिअरिंगची फी भरतं, ती पोरं पास होऊन घरी बसतात आणि कारखान्यांना वेल्डर मिळत नाही. तेव्हा फीचा पैसा बंद करा, तो कौशल्य प्रशिक्षणाला द्या, आणि “ज्याला परवडतं त्यानेच डिग्री करावी”.

या शेवटच्या वाक्याने माझं डोकं फिरलं. अकरा वर्षं एका कॉलेजात शिष्यवृत्तीचे अर्ज तपासतेय, म्हणून सविस्तर लिहिते.

सरकार ‘सगळी फी’ भरतं हे कोणी सांगितलं? शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेत ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलाला शिक्षण शुल्काचा अर्धा भाग मिळतो. अर्धा. याच उत्पन्न मर्यादेतल्या मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं, पण तेही कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) प्रवेश असेल तरच, आणि अभिमत व खाजगी विद्यापीठं सोडून. खोलीभाडं, मेस, एसटीचा पास, लॅपटॉप यांतलं काहीही त्यात नाही. माझ्या टेबलासमोरून जी मुलं कॉलेज सोडून गेली ती बहुतेक फीमुळे गेली नाहीत. गेल्या दिवाळीनंतर एक मुलगी परत आलीच नाही. फी पूर्ण माफ होती तिची. मेसचे तीन महिन्यांचे पैसे थकले होते आणि मालकीणबाईंनी ताट बंद केलं होतं. मला हे कळलं फेब्रुवारीत, तिच्या मैत्रिणीकडून.

शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहं का काढली? शाळा होत्याच की. पोराला शहरात राहायला जागा आणि दोन वेळचं जेवण नसेल तर शाळा असून उपयोग नाही, हे त्यांना सव्वाशे वर्षांपूर्वी कळलं होतं.

आणि आयटीआयचा एवढा पुळका असणाऱ्यांनी सांगावं, आयटीआयतल्या मुलाला महिन्याला विद्यावेतन किती मिळायचं? ४० रुपये. २०२३ मध्ये ते ५०० झालं. तेव्हा तुमच्यापैकी कोण बोललं होतं?

लेथ_मशीन
ताई, मी बोललो होतो. मी स्वतः आयटीआयचा, टर्नर ट्रेडचा (लेथवर काम करणारा) आहे, ते ४० रुपये मी घेतलेत. आज भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे, बावीस माणसं आहेत. त्यामुळे मला पुळका म्हणू नका.

मागच्या महिन्यात सीएनसी सेटरची (संगणकावर चालणारं मशीन लावून देणाऱ्याची) जागा काढली. चाळीसेक अर्ज आले, निम्म्याहून जास्त बीई मेकॅनिकल. व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं साधन) हातात दिला तर सहा जणांना नीट वाचता आला. एकाने विचारलं, “सर, उभं राहून काम असतं का?” या पोरांच्या फीचे वर्षाला लाखाच्या घरातले पैसे कोणी भरले? तुम्ही आणि मी. पोरं फुकट शिकतात.

आणि तो पैसा पोराच्या खिशात जातच नाही. १९८३ ला वसंतदादांच्या काळात विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडलं, तेव्हापासून कुणीही उठून कॉलेज काढतोय. सरकार फी भरणार या भरवशावर रिकामे वर्ग चालू आहेत. ही मदत गरिबाला नाही, संस्थाचालकाला आहे. तुम्ही अकरा वर्षं त्याच यंत्रणेत बसलात म्हणून तुम्हाला ते दिसत नसेल.

फॉर्म_सोळा
दोघंही मुद्दा सोडून भांडताय. मदत ‘गरजूला’ मिळते हेच मुळात खोटं आहे.

माझं वार्षिक उत्पन्न ८ लाख २० हजार. सगळा पगार कागदावर दिसतो, लपवायला जागा नाही. माझ्या मुलीला शून्य. तिच्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांची दोन दुकानं आहेत, दारात चारचाकी आहे. उत्पन्नाचा दाखला ९६ हजारांचा. तिची फी पूर्ण माफ. मी वीस हजारांनी श्रीमंत ठरलो आणि तो गरीब! ही ८ लाखांची रेष २०१७ पासून तिथेच आहे. तेव्हाचे ८ लाख आणि आजचे ८ लाख एकच का?

आधी दाखल्यांचा बाजार बंद करा, मग डिग्री की आयटीआय ते बघू.

कोरडवाहू
आलं. दाखला म्हटलं की शेतकऱ्याकडे बोट.

फॉर्म_सोळा
मी दुकानदार म्हणालो. शेतकऱ्याचं नाव काढलेलं नाही. तुम्हीच अंगावर घेतलंत.

कोरडवाहू
अंगावर घेणारच. तलाठ्याकडे रांगेत दुकानदार नसतो, आम्ही असतो. माझा दाखला ६० हजारांचा आहे आणि तो खरा आहे. साडेतीन एकर, विहिरीला मार्चनंतर पाणी नाही. कापूस विकून बियाणं, खत, फवारणी, वेचणी वजा केली की ६० हजार राहिले तरी ते वर्ष चांगलं म्हणायचं. माझ्या पोराचा पहिल्या वर्षाचा अर्ज परत आला, कारण काय, दाखल्यावर उत्पन्न ‘संशयास्पद कमी’ वाटतं. तीन फेऱ्या तहसीलला. प्रत्येक फेरी म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली. तुम्ही ८ लाख २० हजारांवर रडताय?

फॉर्म_सोळा
रडत नाही, हिशोब मागतोय. मुंबईच्या उपनगरात भाडं, कर्जाचा हप्ता, आईची औषधं गेली की माझ्याकडेही काही उरत नाही. तुमचं ६० हजार खर्च वजा करून आहे, माझं ८ लाख २० हजार खर्च वजा न करता. दोन वेगळ्या मापांनी मोजायचं आणि एकाच रेषेवर उभं करायचं, हे न्याय्य कसं? गाडी, वीजबिल, सातबारा, जीएसटी, सगळं आधारला जोडा. संगणकाला एका मिनिटात कळेल कोण खरा गरजू.

कोरडवाहू
सातबाऱ्यावर पाच भावांची नावं आहेत. जमीन कागदावर साडेसतरा एकर दिसते. तुमचा संगणक मला जमीनदार ठरवून मोकळा होईल. आणि घरात एक जुनी जीप आहे, भाजी बाजारात न्यायला. ती ‘चारचाकी’ का?

आणखी एक. ८ लाखांच्या रेषेवर एवढा गळा काढताय, तर अनुसूचित जातीच्या मुलांच्या मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरच्या) शिष्यवृत्तीची रेष किती आहे माहिती आहे? अडीच लाख. दहा वर्षांहून जास्त झाली, तीही हललेली नाही. माझ्या शेजारचा गवंडी बायकोसह कामाला जातो, दोघांचं मिळून अडीच लाखांवर गेलं की पोराची शिष्यवृत्ती बंद. तुमच्या मुलीचे वीस हजार वर जातात, त्याचंही तेच होतं. पण त्याचं कोणी लिहीत नाही.

फॉर्म_सोळा
हे मला माहीत नव्हतं. अडीच लाख फारच कमी आहे, मान्य. पण त्याने माझा मुद्दा खोटा ठरत नाही, उलट पक्का होतो. एका रुपयाने रेष ओलांडली की सगळं बंद, ही पद्धतच चूक. उत्पन्न वाढेल तशी मदत थोडी थोडी कमी व्हायला हवी.

पाटी_पेन्सिल
अहो, मी विषय काय काढला होता आणि तुम्ही कुठे नेलात! दाखल्याचा घोळ आहे, मी रोज बघते. पण खोटे दाखले आहेत म्हणून खऱ्यांची फी बंद करायची का, हा प्रश्न होता.

लेथ_मशीन यांना: यंत्रणेत बसले म्हणून दिसत नाही, हे परत म्हणू नका. मी त्या यंत्रणेत बसून संस्थेच्या विरोधात दोनदा लेखी दिलंय आणि त्याची किंमतही मोजलीय. फीचा पैसा संस्थेकडे जातो हे बरोबर आहे, आणि काही कॉलेजं त्यावरच जगतात हेही मला नाइलाजाने कबूल करावं लागेल. पण मग कॉलेजं तपासा ना! जिथे शिकवायला माणूस नाही तिथली मान्यता काढा. पोराची वाट का बंद करता? व्हर्निअर वाचता येत नाही हा गरीब पोराचा दोष की त्याला चार वर्षं प्रॅक्टिकलशिवाय पास करणाऱ्यांचा?

तिसरं_वर्ष
मी या सगळ्यात वयाने लहान आहे, पण ज्या मुलींबद्दल बोलताय त्यांतली एक आहे म्हणून लिहिते.

माझी फी माफ आहे. कागदावर. प्रवेशाच्या दिवशी कॉलेजने सांगितलं, आधी सगळी भरा, सरकारकडून आली की परत देऊ. वडिलांनी शासन निर्णयाची प्रत दाखवली, तर क्लार्क म्हणाला, “मग जागा दुसऱ्याला देतो.” वडिलांनी गावातल्या सावकाराकडून महिन्याला तीन टक्क्यांनी घेतले. अर्ज महाडीबीटीवर (शिष्यवृत्तीच्या सरकारी संकेतस्थळावर) तीन महिने ‘संस्थास्तरावर प्रलंबित’ होता. पैसे परत मिळाले ते माझं पुढचं वर्ष सुरू झाल्यावर. तोवरचं व्याज कोण देणार? उशिरा आलेली मदत श्रीमंताला चालते, त्याच्याकडे मधल्या काळासाठी पैसे असतात.

आणि लेथकाका, मला व्हर्निअर वाचता येतो. मायक्रोमीटरपण. दोन ठिकाणी इंटर्नशिपला अर्ज केला, दोघांनी सांगितलं, शॉपफ्लोअरवर मुली घेत नाही.

लेथ_मशीन
पोरी, तुझं वाचून गप्प बसलो होतो.

तीन टक्के महिना म्हणजे वर्षाला छत्तीस. आमच्या धंद्याला बँक एवढं लावत नाही. हे ऐकल्यावर ‘फुकट शिकतात’ असं मी म्हणणार नाही. एवढं मागे घेतो.

बाकीचं नाही. युवा कार्य प्रशिक्षण योजनेत सरकारने महिन्याचं विद्यावेतन बारावीला ६ हजार, आयटीआयला ८ हजार आणि पदवीधराला १० हजार ठरवले. काम तेच, टेबल तेच. हातात कला असलेला पोरगा सरकारच्या लेखी दोन हजारांनी कमी! आणि प्रशिक्षण संपल्यावर नोकरी नाही, म्हणून पोरं मोर्चे काढतायत. याला मनुष्यबळ विकास म्हणतात का? त्या पैशात आयटीआयतल्या जुन्या मशीन बदलल्या असत्या तर माझ्यासारख्या शेकडो वर्कशॉपना माणसं मिळाली असती. कर्मवीर भाऊराव पाटील अण्णांनी ‘कमवा आणि शिका’ सांगितलं, नुसतं ‘घ्या’ नाही.

पाटी_पेन्सिल
अण्णांनी कमवून शिकायला सांगितलं, शिकणं सोडून कमवायला नाही. १९२४ मध्ये साताऱ्याला बोर्डिंग काढलं ते पोरांनी पुढे शिकावं म्हणूनच. ‘परवडतं त्यानेच डिग्री करावी’ हे वाक्य त्यांच्या तोंडी घालू नका.

दहा हजार आणि आठ हजारांचं तुमचं पटलं. मी तसा विचार केला नव्हता. आयटीआयवाल्याला कमी ठरवायचं आणि वर गरिबाच्या पोराला तिकडेच जा म्हणायचं, हेच तर मला खटकतं. आयटीआय, पॉलिटेक्निक, डिग्री, पोराने निवडावं. पैशाने निवडू नये. आणि जे निवडेल त्यात त्याला राहण्या-जेवण्याचे पैसे जून-जुलैत मिळावेत, पुढच्या मार्चमध्ये नाही.

कोरडवाहू
जून-जुलैत तर आमच्या घरातला होता-नव्हता पैसा पेरणीत जातो. नेमकं त्याच महिन्यात कॉलेज फी मागतं. मदत तेव्हाच हवी, हे शंभर टक्के.

लेथ_मशीन
बरं, बोलण्यापेक्षा करतो. या वर्षी पाच ॲप्रेंटिस घेईन. नियमाचं विद्यावेतन आणि दुपारचा डबा माझ्याकडून. डिप्लोमा असो, डिग्री असो, मशीनसमोर उभं राहायची तयारी हवी.

पाटी_पेन्सिल
पाचांत दोन मुली घ्या. आणि डब्याचं लिहून द्या, मी नोटीस बोर्डावर लावते.

लेथ_मशीन
दोन कशाला, काम येत असेल तर पाचही. वर तिसरं_वर्षवाली पोरगी आहे तिला आधी पाठवा, मायक्रोमीटर बघतो तिचा. डब्याचं लिहून देतो. फीबद्दल माझं मत मात्र बदललेलं नाही.

फॉर्म_सोळा
आणि रेषेचं काय? थोडी थोडी मदत कमी करा म्हटलं, त्यावर एकानेही उत्तर दिलेलं नाही.