"वळण लावलं नाही" म्हणजे नक्की काय? स्वभाव घरात घडतो की घेऊनच येतो?

रानजाई

परवा एका घरगुती कार्यक्रमात माझ्या धाकटीला सगळ्यांसमोर गाणं म्हणायला सांगितलं. ती माझ्या पाठीमागे जाऊन उभी राहिली, ओढणी मुठीत घट्ट धरून. तर नात्यातल्या एक बाई सगळ्यांदेखत मला म्हणाल्या, "मुलांना धीट करावं लागतं गं, आपोआप नाही होत." थोरली तिथेच पाच मिनिटं आधी कुणी न सांगता दोन गाणी म्हणून गेली होती, पण तेव्हा कुणी म्हणालं नाही की आईने काय धीट केलंय पोरीला, तेव्हा ऐकू आलं "आजोबांवर गेलीय". म्हणजे चांगलं असेल ते रक्तातलं आणि कमी असेल ते आईने न लावलेलं वळण. त्या रात्री मला झोप लागली नाही, म्हणून हा धागा काढतेय.

धाकटी चार महिन्यांची असताना दाराची बेल वाजली की तिचे दोन्ही हात फाकायचे, पाठ ताठ व्हायची आणि मग रडणं सुरू झालं की वीस वीस मिनिटं थांबायचं नाही. थोरली त्याच वयात बेल वाजली की मान वळवून बघायची आणि परत अंगठा तोंडात. घर तेच, आई तीच, बेलसुद्धा तीच. चार महिन्यांच्या बाळाला मी कुठलं वळण लावलं असेल?

नंतर वाचलं की जेरोम केगन नावाच्या हार्वर्डच्या मानसशास्त्रज्ञाने अगदी हेच पाहिलं होतं. चार महिन्यांच्या बाळांना रंगीत झुलती खेळणी दाखवायची, अनोळखी आवाज ऐकवायचे. साधारण पाचातलं एक बाळ हातपाय झाडून रडायचं, चाळीस टक्के तरी निवांत पडून राहायची. या मुलांना पुढे वर्षानुवर्षं पाहिलं तर रडणाऱ्यांतली बरीच बुजरी निघाली. शिवाय २०१५ साली जुळ्यांवरच्या पन्नास वर्षांच्या अभ्यासांची एकत्र मोजणी छापून आली, २७४८ शोधनिबंध, जवळपास १ कोटी ४५ लाख जोड्या, आणि सगळ्या गुणांची मिळून सरासरी आनुवंशिकता, म्हणजे जनुकांचा वाटा, निघाली ४९ टक्के. उरलेलं सगळं आईबापाच्या खात्यात जातं असंही नाही, कारण दत्तक येऊन एकाच घरात वाढलेली भावंडं मोठेपणी स्वभावाने दोन अनोळखी माणसांपेक्षा फारशी जास्त सारखी नसतात.

माझं मत स्पष्ट आहे. आईबाप मुलाला वागायचं कसं ते शिकवू शकतात, स्वभाव देऊ शकत नाहीत. तुम्हाला काय वाटतं?

उंबरठा

रानजाई ताई, त्या बाईंनी तसं बोलायला नको होतं हे आधी सांगते. पण तुमचं शेवटचं वाक्य मला अजिबात पटलेलं नाही.

मी नऊ वर्षं अनाथ बाळांच्या एका संस्थेत काम केलंय. पहिल्या दिवशी आत गेले तेव्हा वाटलं किती शांत बाळं आहेत, वीस पाळणे आणि रडण्याचा आवाज नाही. तिथल्या जुन्या ताई म्हणाल्या, "शांत नाहीत गं ही, रडून कोणी येत नाही हे त्यांना कळलंय." एक दीड वर्षाचा मुलगा होता, त्याला उचललं की तो अंगाला बिलगायचा नाही, लाकडासारखा ताठ, नजर भिंतीवर. आपल्या घरातली मुलं उचलल्यावर कशी मान टाकतात खांद्यावर, ते त्याला येतच नव्हतं. मी रोज दुपारी त्याला तासभर घेऊन फिरायचे. चौथ्या महिन्यात एकदा त्याने माझ्या कॉलरला हात घातला, एवढंच, पण मी तो दिवस विसरणार नाही.

हे माझ्या एकटीचं निरीक्षण म्हणून सोडून देऊ नका. रोमानियात बुखारेस्टला २००० साली संस्थांमधल्या १३६ मुलांचा अभ्यास सुरू झाला. निम्मी मुलं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून पालक कुटुंबांत पाठवली, बाकीच्यांचं होतं तसंच चालू राहिलं. घरात गेलेली मुलं पुढे निघाली, बुद्ध्यांकात, माणसाला जीव लावण्यात, अगदी मेंदूच्या लहरींतसुद्धा, आणि साधारण दोन वर्षांच्या आत ज्यांना घर मिळालं त्यांचा फायदा जास्त. मुलं चिठ्ठीने निवडलेली होती, मग हा फरक जनुकांचा कसा म्हणायचा?

आणि दत्तक मुलांचे आकडे देता तर हेही बघा, की दत्तक देताना घर तपासूनच देतात. म्हणजे त्या अभ्यासांतली जवळपास सगळी घरं बऱ्यापैकी मायेची. सगळ्या कुंड्यांना रोज पाणी मिळत असेल तर पाण्याने काही फरक पडत नाही असंच दिसणार. मी पाणी न मिळालेल्या कुंड्या पाहिल्यात.

सडेतोड

उंबरठा यांच्याशी सहमत, पण मला दोघींनाही विचारायचंय की समाज कुठे गेला? दोघी घराच्या भिंतींच्या आतच बोलताय.

उंचीचं घ्या. उंचीची आनुवंशिकता ऐंशी टक्क्यांच्या आसपास धरतात, स्वभावापेक्षा कितीतरी जास्त. तरी दक्षिण कोरियातल्या बायकांची सरासरी उंची शंभर वर्षांत सुमारे २० सेंटीमीटर वाढली. शंभर वर्षांत जनुकं बदलत नाहीत हो, बदललं ते राहणीमान. बुद्ध्यांकाचंही तसंच, एरिक टर्कहायमर आणि सहकाऱ्यांनी २००३ साली अमेरिकेतली सात वर्षांची जुळी तपासली तर खात्यापित्या घरांत जनुकांचा वाटा मोठा निघाला आणि गरीब घरांत जवळजवळ शून्य, तिथे घरच्या परिस्थितीनेच सगळं ठरत होतं. म्हणजे "जनुकं किती टक्के" याचं उत्तर तुम्ही कुणाला मोजता त्यावर बदलतं. मग तो ४९ आकडा घेऊन काय करायचं?

आणि स्वभावाला नाव कोण देतं, तेही समाजच. मी आणि माझी बहीण दोघंही लहानपणी सारखेच हट्टी, एकदा नाही म्हटलं की नाही. मला म्हणायचे "बाणेदार आहे", तिला म्हणायचे "आगाऊ आहे". मी आज मीटिंगमध्ये चारचौघांत नाही म्हणू शकतो. ती आधी दोनदा सॉरी म्हणते आणि मग नाही म्हणते. आईबाप तेच, हट्ट तोच, तरी दोन माणसं वेगळी झाली.

कातळ

सगळं वाचलं. मी रानजाईंच्या बाजूने आहे, आणि कारण पुस्तकातलं नाही.

मी दत्तक आहे. दोन महिन्यांचा होतो. माझ्या आईबाबांनी मला जे दिलं ते मोजता येणार नाही, त्यामुळे याचा कुणी भलता अर्थ काढू नका. आमच्या घरात सगळे तोंडावर बोलणारे, भांडण झालं की मोठा आवाज, दहा मिनिटांत संपलं, परत हसणं खिदळणं. मी एकटाच असा की आवाज वाढला की माझ्याच्याने तिथे बसवत नाही, उठून बाहेर जाऊन कठड्याला टेकून उभा राहतो, अर्ध्या तासाने परत येतो आणि काही झालंच नाही असं वागतो. आई म्हणायची "ह्याने कुणाचं उचललंय कोण जाणे". चौतिसाव्या वर्षी जन्मदात्या आईला पहिल्यांदा भेटलो. बोलता बोलता एक अवघड विषय निघाला, तिच्या भावाने आवाज चढवला आणि ती काही न बोलता उठून गॅलरीत गेली, कठड्याला टेकून उभी राहिली. मी खुर्चीत बसून तिच्या पाठीकडे बघत होतो आणि माझ्या अंगावर काटा आला.

मिनेसोटा विद्यापीठात टॉमस बूशार्ड यांनी १९७९ पासून अशाच लोकांचा अभ्यास केला, लहानपणीच ताटातूट झालेली शंभराहून जास्त जुळी आणि तिळी. स्वभावाच्या चाचण्यांत वेगळी वाढलेली आयडेंटिकल जुळी एकत्र वाढलेल्यांइतकीच सारखी निघाली. उंबरठा ताई, तुमच्या संस्थेतल्या बाळांबद्दल काही वादच नाही, पण ती उपासमार आहे. पोट भरलेल्या मुलाचा स्वभाव कुठून येतो हा प्रश्न वेगळा आहे.

सडेतोड

कातळ, तुझा अनुभव मनापासून मानतो. पण अशा एका प्रसंगावरून सिद्ध काय होतं? भांडणातून उठून जाणारी माणसं लाखांनी आहेत. तुझ्याशी काही नातं नसलेली दहा माणसं समोर बसवली असती तर त्यातली दोन-तीन कठड्याशी गेली असती.

मला या "रक्तात आहे" ची भीती वाटते, आणि ती उगाच नाही. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७४ च्या आसपास निसर्ग विरुद्ध संगोपन ही जोडी रूढ केली, त्याच माणसाने १८८३ मध्ये युजेनिक्स हा शब्द काढला, म्हणजे कुणाला मुलं व्हावीत हे ठरवून माणसांचा वंश "सुधारायचा". १९०७ साली अमेरिकेतल्या इंडियाना राज्याने "अयोग्य" माणसांच्या सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला, पुढच्या काही दशकांत त्या देशात साठ हजारांहून जास्त लोकांची अशी नसबंदी झाली. एखाद्याचा स्वभाव जन्मजात आहे म्हटलं की त्याच्यासाठी काही करायची जबाबदारी संपते. शाळेतले मास्तरसुद्धा हेच करतात, "खाण तशी माती" म्हणून मागच्या बाकावर बसवून मोकळे होतात.

कातळ

आणि दुसऱ्या बाजूने काय झालं ते? जॉन वॉटसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३० मध्ये लिहिलं की मला डझनभर निरोगी बाळं द्या, वाटेल ते घडवून देतो, डॉक्टर म्हणा, वकील म्हणा, चोर म्हणा. पुढे १९५०-६० च्या दशकांत ऑटिझम असलेल्या मुलांच्या आयांना सांगितलं गेलं की तुम्ही थंड आहात, तुम्ही जीव लावला नाहीत म्हणून मूल असं झालं. ब्रुनो बेटलहाइम या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञाने तर हे लोकांपर्यंत जोरात नेलं. जुळ्यांच्या अभ्यासांतून ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे हे १९७७ पासून दिसायला लागलं, तेव्हा कुठे त्या आयांच्या डोक्यावरचं ओझं उतरायला सुरुवात झाली. रानजाईंना त्या बाई जे बोलल्या ते त्याच जातीचं आहे. जनुकांचा अभ्यास झाला नसता तर त्या आया आजही स्वतःला दोष देत बसल्या असत्या.

उंबरठा

हे मान्य. आयांना दोष देणं थांबलं ते फार चांगलं झालं.

पण दोष नको म्हणून हातही नाही असं म्हणू नका एवढंच माझं म्हणणं.

जोडाक्षर

मी आयडेंटिकल जुळ्यांपैकी एक. आयुष्यभर लोक आमच्याकडे प्रयोग बघावा तसं बघत आलेत त्यामुळे या विषयावर बोलायचा मला थोडा हक्क आहे असं वाटतं.

चौथीपर्यंत आम्ही एका बाकावर, एकाच वर्गात. शिक्षकांनी प्रश्न विचारला की हात तीच वर करायची, उत्तर दोघींना येत असायचं. पाचवीत आमच्या तुकड्या वेगळ्या झाल्या. पहिल्या आठवड्यात बाईंनी प्रश्न विचारला आणि मी सवयीने शेजारी बघितलं, तिथे दुसरीच मुलगी. उत्तर मलाच द्यावं लागलं. वर्षभरात मी वर्गाची मॉनिटर होते. तिकडे तिला चित्रकलेचे सर भेटले, ती चित्रात बुडाली आणि बोलायची कमी झाली. आज आमच्यातली बडबडी मी आहे. जनुकं शंभर टक्के तीच, घर तेच, आई तीच, मग हे कुठल्या टक्क्यात बसवता? आणि यात आमचंही काहीतरी होतं, आम्हाला एकमेकींसारखं दिसायचं नव्हतं, तिने चित्रं घेतली म्हणून मी ब्रशला हात लावला नाही.

जर्मनीत २०१३ साली असाच प्रयोग उंदरांवर छापून आला होता. जनुकांनी अगदी सारखे चाळीस उंदीर एकाच मोठ्या, भरपूर खेळ असलेल्या पिंजऱ्यात ठेवले. तीन महिन्यांत काही सगळीकडे हिंडणारे झाले, काही कोपऱ्याकोपऱ्याने राहणारे, आणि जे जास्त हिंडले त्यांच्या मेंदूत नव्या पेशीही जास्त तयार झाल्या. जनुकं एक, पिंजरा एक. सुरुवातीचा छोटासा फरक वाढत गेला.

आणि ते ४९ टक्के एका माणसाला लावता येत नाहीत. तो आकडा एका गटात माणसामाणसांत जो फरक असतो त्याचा आहे. रानजाईंच्या धाकटीचा निम्मा बुजरेपणा जनुकांचा आणि निम्मा घरचा, असा त्याचा अर्थ नाही. गुणाकारात डावीकडच्या आकड्याचा वाटा किती असं कुणी विचारत नाही ना, तसं आहे ते.

रानजाई

दोन दिवस सगळं परत परत वाचलं. गुणाकाराचं डोक्यात बसलंय.

एक गोष्ट मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिली नव्हती. केगनच्या त्याच मुलांबाबत पुढे असंही दिसलं होतं की ज्या रडक्या बाळांना आयांनी प्रत्येक वेळी उचलून वाचवलं नाही, थोडं थोडं सामोरं जाऊ दिलं, ती दोन वर्षांची होईपर्यंत कमी घाबरट झाली. वाचलं होतं, पण सोडून दिलं. कारण आम्ही काय केलं माहितीये, धाकटी सहा महिन्यांची असताना मी ती बेलच काढून टाकली. येणाऱ्याला सांगायचे की फोन करा, बेल नाहीये. आज ती सहा वर्षांची आहे आणि दाराशी दोन तारा अजून तशाच लोंबकळतायत. घाबरणं ती घेऊन आली होती, हे मी अजूनही म्हणेन. पण ज्या घरात बेल वाजतच नाही असं घर तिला मी दिलं. उंबरठा ताई, "स्वभाव देऊ शकत नाही" हे वाक्य मी मागे घेते. त्या बाईंचं म्हणणं मात्र आजही मान्य नाही, त्यांनी थोरलीचं श्रेय आजोबांना दिलं तेही नाही.

जोडाक्षर, एक विचारू? पाचवीत तुकडी वेगळी करा असं तुम्ही मागितलं होतं का?

उंबरठा

बेल काढलीत म्हणून स्वतःला त्रास करून घेऊ नका हो. बाळ वीस मिनिटं रडत असेल तर कुठलीही आई काढेल. सहा म्हणजे काही उशीर नाही. कमी आवाजाची मिळते, ती बसवा आणि पहिले काही दिवस वाजवायचं काम तिलाच द्या, बाहेरून.

जोडाक्षर

रानजाई, नाही, आम्ही नव्हतं मागितलं. शाळेने केल्या. आम्हाला काही वाटलं नाही, आई मात्र त्या दिवशी खूप रडली होती.