मदत हवी आहे: दोन फॅन लावूनही कपाटातला रेकॉर्डर तापतोच आहे

रात्रपाळी: बंद लाकडी कपाटात कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर आणि पीओई स्विच (नेटवर्कच्या वायरीतूनच कॅमेऱ्यांना वीज देणारा) आहे, हार्डडिस्कचं टेंपरेचर ५८ दाखवतं आणि रोज अलार्म वाजतो म्हणून ८० एमएमचे दोन फॅन बसवले तरी जेमतेम २ डिग्री उतरलं. आता तिसरा लावू का थेट १२० चा घेऊ? लवकर सांगा, डिस्क गेली तर सगळं रेकॉर्डिंग जाईल.

तारजोड: फॅन हवा आत घेतायत का बाहेर टाकतायत? एकूण वॅट किती?

निळीशाई: मी लॅपटॉपची थर्मल पेस्ट बदलली, ७ डिग्रीचा फरक पडला. करून बघाच.

रात्रपाळी: लॅपटॉप नाहीये हो. दोन्ही फॅन वर आहेत, बाहेर टाकतात. स्विचवर १२० वॅट लिहिलंय, रेकॉर्डर ४०.

जुनाहात: म्हणजे १६०. वॅट गुणिले १.७६, भागिले जितकी डिग्री वाढ चालेल तेवढी. १० धरली तर २८ सीएफएम, म्हणजे मिनिटाला २८ घनफूट हवा. १२० एमएमचा घ्या, मी नेहमी तोच लावतो, आवाजही कमी.

तारजोड: सूत्र ठीक, पण १६० धरू नका. पीओईची बरीचशी पॉवर वायरीतून कॅमेऱ्यांकडे जाते, ती उष्णता तिकडेच होते. आणि फॅनवरचा सीएफएम मोकळ्या हवेतला असतो, अडथळा आला की धाडकन पडतो. कपाटात हवा येते कुठून ते सांगा आधी.

रात्रपाळी: मागे वायरींचं भोक आहे, धूळ येते म्हणून फोम कोंबलाय.

तारजोड: अहो मग फॅन ओढणार काय! दार चार बोटं उघडं ठेवून तासाभराने आकडा बघा.

जुनाहात: धुळीचाच प्रश्न असेल तर फॅन उलटे करून बसवा, फिल्टर लावून हवा आत ढकला, मग फटींतून धूळ शिरत नाही.

तारजोड: ढकललेल्या हवेलाही बाहेर पडायला वाट लागतेच ना. आणि फिल्टर तुंबला की पहिले पाढे पंचावन्न.

रात्रपाळी: दार उघडल्यावर ४७ वर आलं!! मग जाळी केवढी पाडू आणि कुठे?

तारजोड: खाली, फॅनपासून जितकी लांब जमेल तितकी, म्हणजे हवा रेकॉर्डरवरून जाईल. दोन्ही फॅनच्या तोंडांची बेरीज करून त्याहून मोठी ठेवा. फॅनशेजारी पाडलीत तर तीच हवा तिथल्या तिथे फिरत राहील.

निळीशाई: माझा फॅन हल्ली घरघरतो, बेअरिंगला तेल घातलं तर चालतं का?