टीमक्समध्ये सोडलेल्या स्क्रिप्टवर रोजचं काम चालवणं थांबवा

रात्रपाळी_लिनक्स:
एसएसएचने (दूरच्या मशीनवर लॉगिन करायची सोय) सर्व्हरवर शिरायचं, टीमक्स किंवा स्क्रीन (लॉगआउटनंतरही टर्मिनलचं सेशन चालू ठेवणारे प्रोग्राम) उघडायचं, स्क्रिप्ट चालू करायची आणि डिटॅच होऊन, म्हणजे सेशन चालूच ठेवून, निघून जायचं. कित्येक छोट्या टीममध्ये रोजची कामं अशीच चालतात. हे थांबायला हवं असं माझं ठाम मत आहे. सर्व्हर रीबूट झाला की सेशन गेलं. मेमरी संपल्यामुळे कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याने) प्रोसेस मारली तर तिला परत उठवणारं कोणी नाही. शिवाय काय कुठे चालू आहे, हे ज्याने सुरू केलं त्यालाच ठाऊक.

सिस्टमडी हा लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्राम. काय आणि कसं चालवायचं हे सांगणारी त्याची युनिट फाइल दहा-बारा ओळींची असते. त्यात 'रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर' लिहिलं की पडलेली स्क्रिप्ट आपोआप उठते. युनिट एनेबल केलं की बूट होतानाच ती सुरू होते, आणि घरी बसून जर्नलसीटीएल या आज्ञेने लॉग वाचता येतो.

टर्मिनलप्रेमी:
साफ असहमत. सगळ्यांकडे रूट (अ‍ॅडमिनचे पूर्ण अधिकार) नसतो. विद्यापीठाच्या सामाईक सर्व्हरवर तीन दिवसांचं सिम्युलेशन लावणाऱ्या विद्यार्थ्याने काय करायचं? युजर युनिट (स्वतःच्या खात्यापुरतं युनिट) लिहा म्हणाल, पण लॉगआउटनंतरही ते चालू राहायचं तर 'लिंगर' ही सेटिंग सुरू हवी, आणि त्यासाठी अनेकदा अ‍ॅडमिनच्या विनवण्या कराव्या लागतात. २०१६ साली सिस्टमडीच्या २३०व्या आवृत्तीने तर लॉगआउट होताच युजरच्या सगळ्या प्रोसेस मारायचं धोरण डिफॉल्ट केलं, टीमक्ससकट. डेबियनने (लिनक्सच्या एका वितरणाने) ते स्वतःकडे बंद ठेवलं ते बरं केलं.

दुसरं, आपोआप रीस्टार्ट हे वरदानच असतं असं नाही. बिलं पाठवणारी स्क्रिप्ट निम्म्यावर पडली आणि पुन्हा पहिल्यापासून चालली, तर निम्म्या ग्राहकांना दोनदा बिल!

रात्रपाळी_लिनक्स:
बिलांचा मुद्दा रास्त आहे. पण तिथे स्क्रिप्टनेच कुठवर पोचलो याची नोंद ठेवायला हवी. टीमक्समध्ये हाताने पुन्हा चालवलीत तरी तीच गत होईल. आणि विद्यार्थ्याचं सिम्युलेशन एकदाच चालणार. मी रोजच्या कामाबद्दल बोलतोय.

घाटमाथा_ऑप्स:
स्क्रिप्ट कोणी सुरू करायची यावर तुम्ही दोघं भांडताय. ती बंद पडल्याचं तुम्हाला कोण सांगणार?

३१ जानेवारी २०१७ चं गिटलॅब या कोड साठवायची सेवा देणाऱ्या कंपनीचं प्रकरण बघा. एका इंजिनिअरकडून मुख्य डेटाबेसच्या सर्व्हरवरचा सुमारे ३०० जीबी डेटा चुकून पुसला गेला. बॅकअप शोधायला गेले तर बकेट (क्लाउडवरची साठवणीची जागा) रिकामी! डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीचा, आणि बॅकअप घेणारं पीजी-डम्प ९.२ चं, त्यामुळे ते दर वेळी एरर देऊन थांबत होतं. क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) अपयशाचे मेल पाठवतही होता, पण डीमार्कच्या (मेल खऱ्या पाठवणाऱ्याकडूनच आला का हे तपासणाऱ्या) नियमात न बसल्याने ते नाकारले जात होते. शेवटी सहा तास जुन्या स्नॅपशॉटवर (डिस्कच्या त्या क्षणाच्या नकलेवर) भागवावं लागलं. मधल्या सहा तासांचा डेटाबेसमधला डेटा गेला तो गेलाच. कंपनीने हे सगळं स्वतःच जाहीर केलं, त्याबद्दल मला त्यांचा आदर आहे.

म्हणून माझा आग्रह उलटा आहे. अपयशाचा मेल मागू नका, यशाची खबर मागा. काम नीट संपलं की स्क्रिप्टने दुसऱ्या मशीनवरच्या पत्त्याला पिंग करावं (छोटा संदेश पाठवावा), आणि ठरल्या वेळेत पिंग आला नाही तर त्या मशीनने ओरडावं. पहारेकरी त्याच सर्व्हरवर ठेवलात तर सर्व्हरबरोबर तोही झोपेल.

नवी_पालवी:
आमच्याकडे टर्मिनल न वापरणारे सहकारीही आहेत. त्यांच्यासाठी स्क्रिप्ट चालू-बंद करायचं वेब पॅनेल हवंच.

घाटमाथा_ऑप्स:
जरूर ठेवा, पण त्याचा पोर्ट इंटरनेटवर उघडा टाकू नका. सर्व्हरवर आज्ञा चालवणारं पॅनेल व्हीपीएनच्या (खासगी नेटवर्कच्या) आतच असावं.

टर्मिनलप्रेमी:
पिंगचं पटलं. पण ते टीमक्समधल्या स्क्रिप्टच्या शेवटीही कर्लच्या (वेब पत्त्याला विनंती पाठवणाऱ्या आज्ञेच्या) एका ओळीने होतं. मग युनिट फाइलची सक्ती कशाला?

रात्रपाळी_लिनक्स:
कारण पिंग चुकल्यावर रात्री दोनला लॉगिन करणारा माणूस तुम्हीच असाल असं नाही. युनिट असेल तर तो 'सिस्टमसीटीएल स्टेटस' या आज्ञेने स्थिती बघून कामाला लागेल. टीमक्स असेल तर त्याला आधी तुम्हाला फोन करून उठवावं लागेल.